तुम्ही विचारलंत म्हणून : फ्लोरिनच पहिला का?

“इलेक्ट्रॉन ॲफिनिटी क्लोरीनची जास्त, मग सगळ्यात अभिक्रियाशील फ्लोरिन कसा?” हॅलोजन, म्हणजे फ्लोरिन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांचा गट, शिकवायला घेतला की हा प्रश्न हमखास येतो. (ॲफिनिटी म्हणजे अणूला जादा इलेक्ट्रॉन मिळताना सुटणारी ऊर्जा.) ‘गटात खाली जाताना अभिक्रियाशीलता कमी होते’ एवढं पाठ करणाऱ्याला तो पडत नाही. तक्ते स्वतः वाचणाऱ्यालाच पडतो, म्हणून तो मला फार आवडतो.

आकडे खरेच तसे आहेत. वायुरूपातल्या सुट्या अणूंना एकेक इलेक्ट्रॉन मिळाला की क्लोरीनच्या एका मोलमागे ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, फ्लोरिनच्या ३२८. फ्लोरिनचा अणू फार लहान. बाहेरच्या कक्षेतले सात इलेक्ट्रॉन दाटीने बसलेले, ते नव्या आठव्याला लोटतात.

पण हॅलोजनचे अणू सुटे नसतात, जोडीने असतात. ही जोडी आधी तोडावी लागते. क्लोरीनची तोडायला २४२ किलोज्यूल लागतात, फ्लोरिनची तोडायला फक्त १५८. ज्या दाटीमुळे ॲफिनिटी घटली, तिच्यामुळेच हा बंधही कमकुवत झाला! आता एका अणूपुरता, म्हणजे अर्ध्या रेणूचा हिशेब करा. फ्लोरिन ७९ खर्चून ३२८ मिळवतो, क्लोरीन १२१ खर्चून ३४९. निव्वळ २४९ आणि २२८. फ्लोरिन इथेच पुढे गेला.

खरी मोठी आघाडी पुढे मिळते. इलेक्ट्रॉन मिळालेला फ्लोरिन म्हणजे फ्लोराइड आयन; या चिमुकल्या आयनाला पाण्याचे रेणू घट्ट बिलगतात. त्यातून क्लोराइडपेक्षा सुमारे १४० किलोज्यूल जास्त सुटतात. कार्बन, हायड्रोजन यांच्याशीही फ्लोरिनचे बंध असेच भक्कम. म्हणून तर त्याला संयुगांतून सोडवणं इतकं अवघड गेलं. क्लोरीन १७७४ मध्येच रसायनशास्त्रज्ञ शेलेच्या हाती लागला होता. फ्लोरिन वेगळा करायला १८८६ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ म्वासाँना निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमधून वीज सोडावी लागली.

मग काही जण विचारतात, आयोडीनचा बंध तर १५१चा, आणखी कमकुवत; तो का नाही पहिला? कारण पुढची मिळकतच तोकडी. ॲफिनिटी २९५, शिवाय आयन मोठा, त्यामुळे पाण्याची पकडही सैल. म्हणून पोटॅशियम आयोडाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचं पाणी ओतलं की आयोडीन बाहेर ढकलला जातो आणि द्रावण तपकिरी होतं. फ्लोरिनची परीक्षा अशी पाण्यात घेता येत नाही, तो पाण्यावरच तुटून पडतो.