निळा गेला, तांबडा राहिला

२० फेब्रुवारी २००८, बुधवार. सकाळी नऊला दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात मोबाईल वाजला. सरांचा मुलगा, कॅलिफोर्नियाहून. तिकडे मंगळवारची संध्याकाळ होती. "बातमी बघितलीस?" बघितली नव्हती. तोशिबाने एचडी डीव्हीडी, म्हणजे साध्या डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणारी त्यांची डिस्क, बंद करत असल्याचं आदल्या दिवशी टोकियोत जाहीर केलं होतं, मार्चअखेर प्लेयर पाठवणंही थांबणार होतं. तसलाच प्लेयर त्याने डिसेंबरात बाबांना आणून दिला होता. तो म्हणाला, "बाबांना इतक्यात बोलू नकोस. सवडीनं मीच सांगतो. त्यांना वाटेल, पोरगा फसला." मी बरं म्हटलं.

अकरा वाजता सर स्वतः आले. हातात पेपर, आतलं पान वर येईल अशी घडी घातलेला. काउंटरवर ठेवून म्हणाले, "हे वाचलंस का रे? आणि हे बघ, मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. एवढ्या लांबून हौसेनं आणलंय त्यानं." मी त्यांनाही बरं म्हटलं.

दोन तासांत दोन शब्द दिले आणि दोन्ही पाळले. तेच अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मागचं थोडं सांगतो. माझं काम टीव्ही-ऑडिओ दुरुस्ती आणि बसवणं. दुकान सांगलीत, हरभट रोडवर. सर बारावीला फिजिक्स शिकवायचे, निवृत्तीनंतर विश्रामबागला राहायला गेले. २००७ च्या नोव्हेंबरात मुलाने मला फोन करून विचारलं होतं की ब्लू-रे, म्हणजे सोनीच्या बाजूची तसलीच डिस्क, घेऊ की एचडी डीव्हीडी. अमेरिकेत तेव्हा एचडी डीव्हीडीचा प्लेयर एका मोठ्या दुकानात १०० डॉलरच्या आत मिळत होता, ब्लू-रेचा त्याच्या कितीतरी पट. मी चार दिवस वाचून उत्तर दिलं. एचडी डीव्हीडी घे.

पैशासाठी सांगितलं नव्हतं. डीव्हीडीला रिजन कोड असतो, म्हणजे कुठल्या भागातली डिस्क कुठल्या मशीनवर चालेल ते ठरवणारा आकडा, अमेरिकेचा १, आपला ५. ब्लू-रेतही अमेरिका ए आणि भारत सी. तिकडचं मशीन इथे आणलं की उद्या आपल्याकडे निघणाऱ्या डिस्क त्यावर चालतील याची खात्री नाही. एचडी डीव्हीडीच्या डिस्कला ही भानगडच नव्हती, कुठलीही कुठेही लावा. शिवाय माहितीचा थर साध्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलीमीटर आत, म्हणजे जुन्या कारखान्यांत थोड्या फेरफाराने डिस्क निघणार. ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलीमीटरवर, त्यामुळे यंत्रसामग्री नवी. ब्लू-रेत एका थरावर २५ जीबी, यात १५, हे खरं. पण ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर तो फरक कुणाला दिसला असता? गिऱ्हाईकाच्या बाजूने विचार केला तर माझं उत्तर बरोबर होतं. आजही मी तेच देईन.

डिसेंबरात मुलगा सुट्टीला आला, प्लेयर आणि आठ डिस्क घेऊन. बसवायला मी गेलो. मशीन ११० व्होल्टचं. असली मशीनं फोडून माझ्याकडे आणणारे मी खूप बघितलेत. घरातलं कुणीतरी प्लग ओढतं, झाडून घेतं आणि पुन्हा थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये घालतं. २३० व्होल्ट आत गेले की पॉवर सप्लाय फट. म्हणून चपट्या पिनांचा मूळ प्लग मी मोकळा ठेवलाच नाही. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर प्लायच्या खोक्यात बसवला, दोन्ही बाजूंना हवेला भोकं पाडली, प्लग आत घालून खोकं स्क्रूने बंद केलं आणि बाहेर फक्त आपली तीन पिनांची वायर काढली. ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकू येऊ नये म्हणून खोकं कपाटाच्या मागे, रबरी बुचांवर. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. लाईट येते त्या क्षणी व्होल्टेज उसळतं, म्हणून लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबून चालू होईल असा टायमरही लावला, फ्रिजला लावतात तसला. ते खोकं आजही जसंच्या तसं आहे.

मशीन चालू व्हायलाच जवळपास एक मिनिट लागायचं. सर खुर्ची ओढून स्क्रीनच्या पुढ्यात बसले. बर्फातल्या पक्ष्यांचा माहितीपट लावला. पिल्लाच्या अंगावरची लव सुटी-सुटी दिसत होती, वाऱ्याने एका बाजूला वळलेली. सर पक्ष्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. "लेझरची तरंगलांबी किती?" विचारलं. ४०५ नॅनोमीटर म्हटलं. "आणि साध्या डीव्हीडीला ६५०. म्हणजे ठिपका किती लहान पडत असेल बघ." आणि मला, चाळिशीला टेकलेल्या माणसाला, रद्दीच्या पाकिटामागे आकृती काढून दाखवली. मी ते पाकीट खिशात घालून घरी आणलं होतं.

पुढे ४ जानेवारीला वॉर्नर या सिनेमा स्टुडिओने फक्त ब्लू-रेच काढणार असं जाहीर केलं आणि खेळ संपल्यात जमा झाला. त्याआधी वॉर्नर दोन्ही काढत होतं. सोनी, डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडे, पॅरामाउंट आणि युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे. सोनीने प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे घालून दिल्यामुळे खेळासाठी मशीन घेणाऱ्याच्या घरीही तो आपोआप गेला होता. हे सगळं ठरलं स्टुडिओ आणि कंपन्यांमध्ये. रिजन कोड नसलेली डिस्क गिऱ्हाईकाच्या सोयीची आहे, हा मुद्दा तिथे कुणाच्या गावीही नव्हता. शेजारचा दुकानदार म्हणाला, "बरं झालं, एकच राहिलं. आता गिऱ्हाईक घुटमळणार नाही." विकणाऱ्याच्या अंगाने त्याचंही बरोबर होतं. पण ज्यांनी आधीच घेतलं त्यांचं काय, हे त्याने विचारलं नाही आणि त्या महिन्यात दुकानात गप्पा मारायला आलेल्या एकानेही विचारलं नाही. "आम्हाला आधीच माहीत होतं" म्हणणारे मात्र रोज दोन तरी भेटत. त्यातल्या एकानेही नोव्हेंबरात तोंड उघडलं नव्हतं.

त्या बुधवारी सर चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. चहा मागवला, बशीत ओतून प्यायले. म्हणाले, "माझी ही दुसरी खेप." १९८५ साली मेहुण्याने मस्कतहून त्यांना व्हीसीआर आणून दिला होता, बीटा, म्हणजे सोनीच्या पद्धतीचा. चित्र समोरच्या व्हीएचएस पद्धतीपेक्षा चांगलं, कॅसेटही लहान. पण दोन वर्षांत सांगलीतल्या लायब्ररीवाल्यांनी बीटाचे कप्पे रिकामे केले आणि सरांना भाड्याने कॅसेट मिळेना. "८८ साली सोनीनं स्वतःच व्हीएचएस काढायला घेतला. तेव्हा सोनी हरली, मी सोनीच्या बाजूला. आता सोनी जिंकली, मी समोरच्या बाजूला." हे बोलताना आवाजात कडवटपणा नव्हता. वर्गात निरीक्षण नोंदवावं तसं बोलले.

मग ज्यासाठी आले होते ते विचारलं. "लेझर किती वर्षं टिकेल?" मी म्हटलं, रोज एक सिनेमा बघितलात तर चार-पाच वर्षं, जपून वापरलंत तर जास्त. "आणि गेला तर?" इथे सुटा पिकअप, म्हणजे लेझर-लेन्सचा भाग, मिळणार नाही, मशीन अमेरिकेचं. "मग आत्ताच दुसरं एक घेऊन ठेवलेलं बरं. आता तर मातीमोलानं विकत असतील. तुझी तिकडे कुणाशी ओळख आहे?"

माझी ओळख एकच होती. त्यांचाच मुलगा.

मी काउंटरवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून खाली ठेवला. सकाळचा फोन सांगून टाकावा असं अगदी ओठांवर आलं. "बघतो सर" म्हटलं. त्यांनी पेपर उचलला, पुन्हा तशीच घडी घातली आणि गेले.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत अमेरिकेत ते प्लेयर आणि डिस्क खरंच कवडीमोल किमतीला काढल्या. मी कुणालाच काही बोललो नाही. आठवड्याने सरांनी एकदा विचारलं, मी "अजून जमलं नाही" म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, डिस्क वाचत नाही म्हणून. मी गेलो. आधी डिस्कवरच संशय घेतला, कारण या फॉरमॅटच्या काही डिस्क नुसत्या ठेवून खराब झाल्याचं वाचलं होतं. आठही लावून बघितल्या. एकही नाही. मग लेन्स साफ केली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, अगदी हलक्या हाताने. तरी नाही. शेवटी साधी डीव्हीडी लावली, ती लगेच चालली. गाण्याची सीडी, तीही चालली. एकाच मशीनमध्ये तीन तरंगलांब्या असतात, सीडीला ७८०, डीव्हीडीला ६५०, एचडीला ४०५. मोटर ठीक, फोकस ठीक, आणि आठच्या आठ डिस्क एकदम मरत नाहीत. ४०५ चा डायोड, म्हणजे तो लेझर देणारा भाग, थकला होता. सरांना एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली, "निळा गेला, तांबडा राहिला." रंगाचं नाव जांभळट निळा हवं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

गेल्या दिवाळीत मुलगा आला होता. दुकानात येऊन बसला, बोलता बोलता विषय निघाला. बाबांना कधी कळलं होतं, त्याने विचारलं. मी तारीख सांगितली, वेळही सांगितली. तो बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, त्या मार्चमध्ये स्वस्तात मिळाल्या म्हणून त्याने बावीस डिस्क घेतल्या होत्या. पाठवल्या नाहीत, कारण एवढ्या स्वस्त कशा, असं बाबा विचारतील. गॅरेजमध्ये खोक्यात पडून आहेत. दुसरा प्लेयर घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे बघून तो हे बोलला नाही, पण सांगायचं कुणी होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

महिन्याभराने त्याने त्या बावीस डिस्क एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवल्या. तांबड्या पारदर्शक डब्या, निम्म्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. माझ्या मागच्या फळीवर आहेत. एलजीने त्या काळात कॉम्प्युटरसाठी असा एक ड्राईव्ह काढला होता की ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी दोन्ही वाचतो. तसा एक जुना पुण्यात एकाकडे सापडलाय, चालू आहे म्हणतो. पैसे पाठवले, कुरिअर निघालंय. या वेळी पैसे पाठवायच्या आधी सरांना फोन केला आणि मुलालाही. सर आता पंच्याऐंशीचे आहेत, फोनवर जरा मोठ्याने बोलावं लागतं. म्हणाले, "चालला तर पहिल्यांदा ती पक्ष्यांची लाव. आणि येताना ट्रान्सफॉर्मर काढून ने, आता लागायचा नाही."