मोगलीचा सात-बारा

मोगलीचा सात-बारा काढायचा ठरवला तर तलाठ्याची पंचाईत होईल. मालक म्हणून नाव कोणाचं लावायचं? ‘द जंगल बुक’ ही गोष्ट लिहिली रुडयार्ड किपलिंग या साहेबाने, तीही अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात बसून. चित्रं काढली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने, १९८९ साली, चांगली ५२ भागांची. हिंदी अवतार दाखवला दूरदर्शनने. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची. त्या गाण्यामुळे चड्डी हा शब्द राष्ट्रीय वाहिनीवरून घरोघरी गायला गेला आणि एकाही वडीलधाऱ्याला ओरडता आलं नाही. वहिवाट मात्र आमची. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी आंघोळीची टाळाटाळ करत टीव्हीपुढे मांडी ठोकून बसलेल्या पोरांची.

आणि जमीन? ती मध्य प्रदेशातल्या सिवनीची. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं, देवलापार, खवासा मागे टाकलं की जे जंगल लागतं, तेच ते.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर. म्हणजे मोगलीच्या घरापासून हाकेच्या नाही, पण एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. तरी हे जंगल आपलं आहे, असं आम्हाला तेव्हा कोणी म्हणजे कोणी सांगितलं नाही. आम्ही ते कुठेतरी परदेशातलं समजून बघत होतो. त्यात आमचाही फार दोष नव्हता. मोगलीसोबत किची नावाचं एक पिल्लू असायचं. तांबूस, झुपकेदार शेपटीचं. ते काय आहे यावर आमच्यात रीतसर वाद होत. कोणी खार म्हणे, कोणी मांजर. ते निघालं रेड पांडा! सिक्कीम-अरुणाचलच्या थंड डोंगरात राहणारा हा प्राणी सातपुड्यात कसा पोचला, हे जपानी चित्रकारांनाच ठाऊक. भंडाऱ्याच्या मे महिन्यात त्या झुपकेदार शेपटीचं काय झालं असतं, याची कल्पना करून मला आजही घाम फुटतो.

मूळ पुस्तक हाती आलं ते बऱ्याच उशिरा, आणि सुरुवातीच्याच पानांत मी अडखळलो. शेरखान कुठला? किपलिंग सरळ लिहितो, की तो वैनगंगेकाठचा, वीस मैलांवरून आलेला. मोगलीला वाढवणारी लांडगीण तर त्याच्या नावाने बोटंच मोडते. वैनगंगेच्या गावांतले लोक याच्यावर चिडलेत, म्हणून हा आता इकडे येऊन आमच्या गावकऱ्यांना चिडवणार, असं तिचं गाऱ्हाणं. वर तो जन्मापासून एका पायाने अधू. त्यामुळे गावातली गुरंढोरंच मारत आलेला.

म्हणजे त्या सगळ्या जंगलात आमच्या नदीचा म्हणावा असा एक जण, आणि तोच नेमका खलनायक. मोगली सिवनीचा, भालू सिवनीचा, लांडग्यांचा शहाणासुरता म्होरक्या आकेला सिवनीचा. वैनगंगेकडून आला तो शेरखान. आता ही नदी सिवनी जिल्ह्यातच मुंडाऱ्याजवळ उगम पावते, आणि किपलिंगला वरच्या अंगाची, आज मध्य प्रदेशात असलेली वैनगंगा अभिप्रेत होती, हे मान्य. पण पाणी तेच. गाववाल्याची बाजू घेताना मी उगम वगैरे बघत नाही.

म्हणून शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा मिळाला, हा मला आजवर झालेला सर्वांत मोठा न्याय वाटतो. मुरुड-जंजिऱ्याचा माणूस, वैनगंगेचा वाघ. त्या आवाजात डरकाळी थोडी, दटावणी जास्त. हिंदी बोलत असले तरी वाक्य तोडण्याची, मध्येच थांबून समोरच्याला घाम फोडण्याची ढब अशी, की मराठी घरातलं पोर आपोआप ताठ बसे. मोगलीचा आवाज मला आज आठवत नाही, बघीराचा तर अजिबात नाही. शेरखानचा आठवतो. डिस्नेने २०१६ साली आपला चित्रपट हिंदीत आणला, तेव्हाही त्यांनी शेरखान नानांकडेच दिला. दुसऱ्या कोणाकडे दिला असता तर आमच्या पिढीने तो ऐकूनच घेतला नसता.

गंमत अशी, की ज्याने हे सगळं रचलं त्या किपलिंगने सिवनीचं जंगल डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. स्टर्नडेल नावाच्या साहेबाने सातपुड्यातल्या मुक्कामांवर १८७७ मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं, त्यावर याची बरीच भिस्त. किपलिंग स्वतः जन्मला मुंबईत, १८६५ साली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील तिथे शिकवायला होते. न पाहिलेल्या जंगलाबद्दल त्याने लिहिलं, त्याहून कधी न पाहिलेल्यांनी ते जपानमध्ये रंगवलं, आणि जवळ राहणाऱ्या आम्ही ते टीव्हीवर बघून जंगल म्हणजे काय ते ठरवलं. हा कारभार थोडा उलटाच झाला.

त्यातल्या त्यात एकच माणूस या मालिकेला फसला नाही. आमची आजी. तिला वाघ बोलतो याचं काही वाटलं नाही. वाघोबा बोलणारच, त्यात काय. अजगर माणसाच्या मदतीला येतो, हेही तिने चालवून घेतलं. पण भालू पोराला मायेने शिकवतोय हे दिसलं की तिचा संयम संपे.

"मोहा येचाले जाय म्हणा एकडाव," ती म्हणायची, "मंग समजन अस्वल काय शिकवते थे."

तिचं खरं होतं. आमच्याकडे पहाटे मोहाखाली फुलं वेचायला बायका जातात, त्याच वेळी अस्वलालाही मोहाचीच फुलं हवी असतात. अंधारात दोघांची गाठ पडते, आणि अस्वल आधी तोंडावर येतं. झाडीतल्या जुन्या माणसांना विचारा, वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त सांगतील.

वाघाची धास्ती नाही असं मात्र नाही. वैनगंगा खाली ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीकडे जाते, तिथे अभयारण्याच्या बाहेर, शेताच्या बांधापर्यंत वाघ आहेत. मोहा-तेंदूच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, मग गाव पेटतं, वनखात्याच्या लोकांना घेराव पडतो. वैनगंगेच्या गावांतले लोक त्याच्यावर चिडलेत, हे लांडगिणीचं १८९४ मधलं वाक्य आमच्याकडच्या पेपरात आज जसंच्या तसं छापता येईल, आणि कोणाला ते गोष्टीतलं वाटणार नाही. एवढ्यापुरता का होईना, किपलिंगचा अंदाज अचूक होता. फक्त आताच्या शेरखानला अधू पायाची सबब लागत नाही. जंगल कमी पडतं, एवढं पुरतं.

खलनायक आमच्या वाट्याला आला तो एकटाही नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात लांडग्यांवर मोठं संकट येतं, कोळसुनांचं, म्हणजे तांबड्या रानकुत्र्यांचं. ही टोळी कुठून येते? दख्खनमधून! वाटेतलं सगळं फस्त करत, वर चढत. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या गोष्टी साहेबाच्या कानावर गेल्या असतील की काय, अशी मला दाट शंका आहे. मोगली त्या टोळीला डिवचतो, मागे लावून घेतो, कड्यावरच्या आग्या मोहोळांवर दगड लोटतो आणि खाली वैनगंगेत उडी टाकतो. मागून आलेल्या कोळसुनांचा निकाल अर्धा माश्या लावतात, अर्धा नदी. उरलेल्यांची वाट बघत लांडगे खालच्या अंगाला थांबलेले असतात.

पण म्हणजे त्या दिवशी मोगलीला वाचवलं कोणी? आमच्याच नदीने. हे एवढं एक पुण्य आमच्या खात्यावर आहे, ते मी कोणालाही सोडणार नाही.

आणि लांडग्यांच्या तावडीतून निसटून खाली वाहत गेलेली एखाद-दोन रानकुत्री? धार बघता ती भंडाऱ्यापर्यंत सहज आली असती. आता मात्र वाटेत भीमगडचं धरण आहे. पावसाळ्यात दारं उघडेपर्यंत त्यांना तिथेच थांबावं लागेल.