बोर्डामागचं बोर्ड

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी 28 वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. ठाणे-वाशी लोकल 2004 मध्ये सुरू झाली, त्याआधीची सगळी नोकरी बसमध्ये उभं राहून केली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मला कॉम्प्युटरच्या भाषेत कळलं नाही. टेलिफोनच्या बोर्डाच्या भाषेत कळलं, ज्यावर बाहेरचे फोन आतल्या एक्स्टेंशनला जोडतात.

आमचं घर ठाण्यात नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई 88 वर्षांच्या. मी जांभळी नाक्यावर भाजीला गेले किंवा संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला गेले की त्या एकट्याच असतात. म्हणून टीव्हीच्या शोकेसवर एक कॅमेरा आणि खाली त्याचा रेकॉर्डर. मोबाइलवर त्या कंपनीचं अ‍ॅप होतं, त्यात हॉल दिसायचा. एके दिवशी अ‍ॅपने कळवलं की या जुन्या मॉडेलसाठीची सेवा आता बंद. रेकॉर्डर ठणठणीत, कॅमेरा ठणठणीत, घरात टीव्हीवर चित्र लख्ख. फक्त बाहेरून दिसेना.

बंगळुरूच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, नवा कॅमेरा घे." मी म्हटलं, चालू वस्तू टाकायची नाही. मग म्हणाला, "बरं, मग पोर्ट फॉरवर्डिंग कर. मी सांगतो तसं." माझे पुढचे 3 आठवडे त्या एका वाक्यात गेले.

सुरुवात पत्त्यापासून. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाइप केली, तर आकडे आले: 192.168.1.7. मी ते भाच्याला वाचून दाखवले. तो हसायला लागला. "माझ्या लॅपटॉपचाही आत्ता हाच आहे." मला वाटलं काहीतरी बिघडलंय. ठाण्यातल्या आणि बंगळुरूतल्या दोन यंत्रांना एकच पत्ता कसा?

मग लक्षात आलं. आमच्या कारखान्यात 207 नंबरचं एक्स्टेंशन स्टोअरला होतं. शेजारच्या केमिकल कंपनीतही 207 होतं, तिथे अकाउंट्सला. भांडण कधीच झालं नाही, कारण 207 भिंतीच्या आतच चालतो. बाहेरच्या जगाला फक्त बोर्डाचा नंबर माहीत. इंटरनेटवरही असे 'फक्त आतले' पत्ते 1990 च्या दशकापासून राखून ठेवलेत: 10 ने सुरू होणारे, 172.16 ते 172.31 पर्यंतचे आणि 192.168 वाले. घराघरातले राउटर बहुधा शेवटच्या गटातले वाटतात.

वाटतात म्हणजे खरंच वाटतात. नवं यंत्र जोडलं की ते मोठ्याने विचारतं, इथे पत्ते कोण देतं? राउटर म्हणतो, हा घे. यंत्र म्हणतं, हाच घेते. राउटर म्हणतो, ठीक, इतक्या वेळापुरता तुझा. या रिवाजाला डीएचसीपी म्हणतात. 'प्रोटोकॉल' हा शब्द मी आधी मंत्र्यांच्या दौऱ्यात ऐकला होता. इथेही अर्थ फारसा वेगळा नाही: कोणी आधी बोलायचं, काय बोलायचं, उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं.

हा 'इतक्या वेळापुरता' मला नडला. रेकॉर्डरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा 20 होता, मी वहीत लिहून ठेवला. एका दुपारी लाइट गेली, आली, आणि सगळी यंत्रं पुन्हा रांगेत उभी राहिली. 20 नंबर मिळाला माझ्या जुन्या मोबाइलला. मी अर्धा दिवस मोबाइलच्या दारावर रेकॉर्डर शोधत होते. मग राउटरमध्ये रेकॉर्डरच्या नावाने 20 कायमचा राखून ठेवला.

आता मुख्य गोष्ट. आतून बाहेर जाताना राउटर काय करतो? इंटरनेटचे जुने पत्ते 1981 साली ठरले, 32 बिटांचे. म्हणजे एकूण जवळपास 429 कोटी. तेव्हा ते उदंड वाटले असणार. प्रत्येक टीव्हीला, प्रत्येक मोबाइलला एक द्यायचा म्हटलं तर पुरणार कुठून? म्हणून एका घराला बाहेरचा एकच पत्ता आणि आत हवी तितकी एक्स्टेंशन. माझा लॅपटॉप एखाद्या साइटला काही मागतो तेव्हा माहितीच्या पाकिटावर 'पाठवणार: 192.168.1.7, पोर्ट 51514' असं असतं; पोर्ट म्हणजे त्याच पत्त्यावरच्या एका दाराचा नंबर. राउटर ते खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता आणि स्वतःचा एखादा पोर्ट नंबर लिहितो, समजा 40022, आणि वहीत नोंद करतो की 40022 म्हणजे 7 नंबरवाल्याचं 51514. उत्तर 40022 वर आलं की वही बघून ते आत पोचवतो. ही पत्त्यांची अदलाबदल म्हणजे नॅट. 1994 मध्ये ती लिहून मांडली गेली, तात्पुरता उपाय म्हणून. तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात हे आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातल्या टेकूला विचारा.

माझ्या बोर्डापेक्षा राउटर एका बाबतीत सरस. आमच्याकडे बाहेरच्या लाइनी 8, एक्स्टेंशन 60. नववा माणूस शून्य दाबून ताटकळायचा. इथे एकाच पत्त्याला 65 हजारांहून जास्त पोर्ट, त्यामुळे घरातले सगळे एकदम बाहेर बोलू शकतात.

पण बाहेरून कोणी आपणहून आलं तर? वहीत नोंदच नाही. माझ्या बोर्डावर मी होते. "कोण बोलतंय? कोणाशी बोलायचंय?" विचारून जोडून द्यायचे. राउटरकडे ऑपरेटर नाही, तो पाकीट टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय हे मला याच जागी, भाच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कळलं. ती आमची नाइट सर्व्हिस! संध्याकाळी साडेपाचला घरी निघताना मी बोर्डावर लावून जायचे की आता बाहेरचा कुठलाही फोन आला तर थेट गेटवरच्या वॉचमनच्या एक्स्टेंशनला वाजेल. तसंच राउटरला सांगायचं: 8000 पोर्टवर जे येईल ते डोळे मिटून 192.168.1.20 ला दे.

राउटरच्या पानावर एक रकाना होता: टीसीपी की यूडीपी. टीसीपी म्हणजे रीतसर फोन. "हॅलो, ऐकू येतंय?" "येतंय, माझं येतंय का?" "येतंय." मग बोलणं, आणि एखादं वाक्य गळलं तर ते पुन्हा सांगायचं. यूडीपी म्हणजे कॅन्टीनमधल्या स्पीकरवरची घोषणा. ऐकली त्याने ऐकली. रेकॉर्डरला टीसीपी हवं होतं. लावलं, सेव्ह केलं, मोबाइलवर बाहेरचा पत्ता टाकला. काही नाही.

भाचा म्हणाला, "घरातल्या वायफायवरूनच बघतेयस ना? वायफाय बंद कर, मोबाइल डेटावर बघ." आतल्या एक्स्टेंशनवरून आपल्याच बोर्डाचा नंबर फिरवण्यातला प्रकार. काही राउटरना तो जमतो, काहींना नाही. मी जिना उतरून खाली रस्त्यावर उभी राहिले. गरज नव्हती, पण मला बरं वाटलं. तरीही काही नाही.

यानंतरचे 8 दिवस वाया गेले. इंटरनेटवाल्यांच्या कस्टमर केअरने 4 वेळा राउटर बंद-चालू करायला लावला. त्यांच्या मुलाने येऊन वायर बदलली. "काकू, स्पीड तर मस्त येतोय तुम्हाला." स्पीडबद्दल तक्रार केली कोणी होती?

तिढा सुटला तो दोन आकडे शेजारी ठेवल्यावर. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता होता 100.81 ने सुरू होणारा. 'माझा आयपी काय', म्हणजे इंटरनेटवरचा माझा पत्ता काय, हे सांगणाऱ्या साइटवर होता 103 ने सुरू होणारा. दोन्ही एकच असायला हवे होते. मी भाच्याला वाचून दाखवलं आणि पलीकडे शांतता. मग, "अरे, तू सीजीनॅटमागे आहेस, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या स्वतःच्या नॅटमागे. हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं."

100.64 पासून 100.127 पर्यंतचा पट्टा 2012 मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी काढून ठेवला गेला. कारण फेब्रुवारी 2011 मध्ये जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले, आणि आशियाची रेशनिंगची पाळी त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. म्हणून कंपनी अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता देते. माझा राउटर ज्याला 'बाहेरचा' समजत होता तोही आतलाच होता. आमचंही एकदा असंच झालं होतं: व्यवस्थापनाने आमचं बोर्ड हेड ऑफिसच्या बोर्डाखाली जोडलं. मी रबाळ्यात कितीही मन लावून नाइट सर्व्हिस लावली तरी फोन वरच्याच बोर्डावर अडायचा, आणि तिथे माझं काही चालत नव्हतं.

इतके दिवस माझी नोंद बरोबरच होती, हे कळल्यावर राग यायच्या ऐवजी हलकं वाटलं.

यातून सुटायचे मार्ग थोडेच. नव्या, 128 बिटांच्या पत्त्यांमध्ये ही टंचाईच नाही, पण माझ्या रेकॉर्डरला ते पत्ते कळत नव्हते. राहिला स्टॅटिक आयपी. जास्तीचे पैसे भरून स्वतःचा खरा पत्ता घ्यायचा. मी कस्टमर केअरला फोन करून या वेळी फक्त एवढंच म्हटलं: "मला सीजीनॅटमधून काढा, स्टॅटिक आयपी द्या." पलीकडच्या मुलीचा सूरच बदलला. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे जुळले आणि रस्त्यावर उभं राहून मला सासूबाई दिसल्या, पोथी वाचताना.

आनंद एक रात्र टिकला. सकाळी रेकॉर्डरची नोंदवही उघडली तर पहाटेपासून कोण कोण 'अ‍ॅडमिन' नावाने पासवर्ड ठोकून बघत होतं, आणि आमचा पासवर्ड 12345 होता. नशीब म्हणा, चित्र जागेवर होतं, पण मला घाम फुटला. 2016 मध्ये मिराई नावाच्या एका प्रोग्रॅमने नेमकं हेच केलं होतं. कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर हेरून त्यांची फौज उभी केली. त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या एका डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावांवरून पत्ते सांगणाऱ्या डिरेक्टरीवर, इतके फोन केले की मोठमोठ्या साइट काही तास सापडेनाशा झाल्या. नाइट सर्व्हिसमध्ये "कोण बोलतंय?" विचारणारं कोणी नसतं, हे मी 28 वर्षं ऑपरेटर असून विसरले होते.

फॉरवर्डिंग तत्क्षणी काढलं, पासवर्ड बदलला. भाच्याने वायरगार्ड, म्हणजे किल्ली असलेल्यालाच घरात घेणारी बंदिस्त वाट, चालणारा राउटर पाठवला. तो लावल्यावर घरातच दोन बोर्ड झाले, कारण कंपनीचा फायबरचा डबाही राउटरगिरी करत होता. तोच वायरवाला मुलगा आला, 10 मिनिटांत डबा ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याची राउटरगिरी बंद करून, गेला. या वेळी चहाही घेतला. वायरगार्डसाठी बाहेर एकच यूडीपी पोर्ट उघडा लागतो, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला पलीकडून उत्तरच मिळत नाही. घंटीसुद्धा वाजत नाही. माझा मोबाइल किल्ली दाखवतो आणि घरच्या वायफायवर असल्यासारखा थेट 192.168.1.20 ला बोलतो.

तलावपाळीला बाकावर बसून पहिल्यांदा उघडलं तर पडदा काळा. पोटात गोळाच आला. पुन्हा सीजीनॅट? पुन्हा लाइट? घरी लँडलाइनवर फोन केला.

"अगं, मीच पंचा टाकलाय त्याच्यावर," सासूबाई म्हणाल्या. "सारखं कोण बघतंय काय कळत नाही. आधी विचारायची काही रीत?"

कारखान्यात साहेबांना फोन जोडण्याआधी मी नेहमी विचारायचे, "बाहेरून आहे, देऊ का?" आता आधी लँडलाइनवर रिंग देते. "बघू का?" म्हणते. "थांब, पदर नीट करते," असं उत्तर येतं, आणि थोड्या वेळाने पंचा बाजूला होतो.