श्लोकाचा चौथा चरण

रविवार, रात्री साडेनऊ

आज सव्वा महिन्यानं टेकडी चढले. गुडघा ठणकतोय. ठणकू दे.

फेब्रुवारीच्या शेवटी वणवा लागला आणि तीन पावसाळ्यांपूर्वी लावलेली आमची बावीस झाडं एका दुपारीत काळी झाली. कडुनिंब, करंज, दोन बहावे. दर रविवारी पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन चढायचो, एकेका आळ्यात बेतानं पाणी घालायचो. वणव्यानंतर कुणी हळहळलं की मी म्हणायचे, "जाऊ दे हो, कर्मण्येवाधिकारस्ते. आपण आपलं केलं, फळ काय आपल्या हातात असतं?" ऐकणाऱ्याला केवढी समंजस वाटले असेन! खरं सांगायचं तर मला ते कॅन पुन्हा उचलायचे नव्हते.

काल रात्री गीता काढून दुसऱ्या अध्यायातला 47 वा श्लोक पुरता वाचला. पहिली ओळ रिक्षांच्या मागेसुद्धा दिसते. दुसरी कुणी लिहीत नाही : मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि. फळावर डोळा ठेवून कर्म करू नकोस, आणि काहीच न करण्याची ओढही लावून घेऊ नकोस. चौथ्या चरणात मी रंगेहाथ सापडले. शाळेत हाच श्लोक घडाघडा म्हणून कंपासपेटीचं बक्षीस मिळवलं होतं. निष्काम कर्माच्या पाठांतराला कंपासपेटी! तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

टिळकांची गोष्ट आठवली. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहिलं. 1914 मध्ये सुटका झाली, पण वह्या काही काळ सरकारनंच ठेवून घेतल्या. तेव्हा, वह्या गेल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन, असं ते म्हणाल्याचं सांगतात. पुढे वह्या परत आल्या, 1915 मध्ये पुस्तक निघालं, ते सगळं ठीक. मला काल रात्रभर ते 'पुन्हा' टोचत राहिलं.

सकाळी वर पोचले तर दर रविवारी माझ्याबरोबर पाणी घालणारे काका आधीच उकिडवे बसलेले. वय 76. मधल्या काळात एकही रविवार चुकवलेला नाही, आणि मी का आले नाही हेही विचारलं नाही. अंगठ्याच्या नखानं खोडाची साल जराशी खरवडायची, आत बघायचं, पुढच्या झाडाकडे सरकायचं. एका कडुनिंबाशी मला जवळ बोलावलं. काळ्या सालीखाली हिरवी रेघ, भाताच्या लोंबीएवढी.

"हे आहे," म्हणाले. पुढचं करंजाचं खोड काडकन मोडलं. "हे गेलं." दोन्ही एकाच आवाजात.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"न वाटायला काय झालं? दोन रात्री झोपलो नाही." मग आळ्यातली राख बोटानं उकरत म्हणाले, "अगं, ओल टिकावी म्हणून वाळलं गवत आपणच अंथरलं होतं ना इथं? बुंध्यापर्यंत आग त्यानंच आणली. आग अडवायला भोवती मोकळा पट्टा, जाळरेषा, तीही काढली नव्हती. यंदा दिवाळी झाली की भोवतीचं गवत कापायचं."

मला हे सुचलंच नव्हतं. फळ सोडलं म्हणताना मी चूकही सोडून दिली होती, तपासलीच नव्हती. काकांनी फळाचं फार मनाला लावून घेतलं नाही, पण गवताचा हिशेब मात्र चोख ठेवला. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. त्यात दैव पाचवं. मी थेट पाचव्यावर उडी मारून मोकळी झाले होते.

बावीसपैकी नऊ हिरवी निघाली. काकांनी त्यांना सुतळी बांधली. नऊ म्हणजे खूप की थोडी, ते त्यांना विचारावंसं वाटलं, पण ते तोवर कॅन घेऊन पुढे गेले होते.

माझ्या एका कॅनचं झाकण गळतं. निम्मं पाणी चढावरच सांडलं, सलवार चिंब. उद्या बोहारणीकडे नाहीतर मंडईत नवीन झाकण बघायला हवं.