गोंदियातली एक बोडी

नवेगावबांधला पक्षी बघायला म्हणून निघालो होतो, पण जास्त रमलो ते मित्राच्या मामाजींच्या शेतातल्या बोडीवर. गोंदियाहून बल्लारशा लाईनची पॅसेंजर पकडायची, अर्जुनीला उतरायचं, पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून अडवलेलं पावसाचं पाणी, शेतासकट मामाजींच्या मालकीचं. पाळ जेमतेम माझ्या डोक्याएवढी उंच.

इकडे वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मग बोडी कशाला? तर मामाजी म्हणाले, "रोवणीले येते जी पाणी, धान निसवाले आला का दडी मारते." सप्टेंबर-ऑक्टोबरात तेवढं एक पाणी चुकलं की लोंबीत दाणाच भरत नाही. तेव्हा पाळीतल्या पाइपाचा बोळा काढायचा, मग पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत आपलं आपण उतरत जातं, ना मोटर ना लाईटबिल.

भारी म्हणजे मामाजी पाळीवरून चालताना सारखे खाली बघत होते, कशाला तर खेकड्यांची बिळं. 2019 ला कोकणात तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर ढकललेलं ऐकून आपण सगळे संतापलो होतो, आणि ते बरोबरच होतं म्हणा, पण मातीच्या पाळीला बिळातून पाझर लागतो हे खरंय, फक्त इथे मालक रोज फेरी मारतो आणि बीळ दिसलं की चिकणमाती ठासून बुजवतो. सांडव्यात अडकलेला कचराही स्वतःच काढतो. उन्हाळ्यात बोडी आटली की गाळ उपसून बांध्यांत टाकायचा, खतही झालं आणि खोलीही टिकली.

मोठ्या तलावांचं तसं राहिलं नाही. या भागातले मालगुजारांचे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांचे तलाव, मालगुजारी रद्द करणाऱ्या 1950 च्या कायद्यानंतर सरकारकडे गेले, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, आता माजी मालगुजारी म्हणून मामा. वाटेत बघितलेल्या एकात गाळ आणि बेशरमाची झुडपं इतकी की पाणी शोधावं लागलं. मालगुजारी परत यावी असं अजिबात म्हणायचं नाही, पण पाळीवर रोज फिरणारं कोणीतरी हवं ना.

दुसऱ्या दिवशी नवेगावबांध. कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने इथला तलाव बांधला असं सांगतात. तलाव अफाट आहे, पक्षीही दिसले, पण मी आपला पाळीवर बिळं शोधत फिरत होतो, बायको वैतागली.