फळ्यावरचं नत्रचक्र आणि निफाडची काळी जमीन

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी बाकीचे लिहितीलच. मी मात्र विज्ञानाच्या तासाला फळ्यावर काढल्या जाणाऱ्या एका आकृतीबद्दल लिहितो : नत्रचक्र, म्हणजे नत्राचा (नायट्रोजनचा) हवा, माती आणि पीक यांतला फेरा. त्यातले सगळे बाण सारख्याच जाडीचे असत. शेतात एखादा बाण चार दिवसांत संपतो, एखादा हंगामभर रेंगाळतो, आणि बरंचसं ठरवतो तो वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची स्थिती.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं जखडलेले असल्यानं पिकाला ते घेता येत नाही. विजेच्या कडकडाटात थोडं सुटतं. खत कारखाना तोच बंध ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाबाखाली तोडतो. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींतले जिवाणू तेच काम मातीच्या साध्या तापमानाला करतात, झाडाकडून साखर घेऊन.

आता शिकणाऱ्या मुलांनी हे शेतातच पाहावं. पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी सोयाबीनचं झाड खुरप्यानं मातीसकट काढायचं. उपटलं तर गाठी जमिनीतच राहतात. मूळ हलक्या हातानं पाण्यात धुवून गाठ नखानं कापायची. आत गुलाबी-लाल दिसली तर ती नत्र बांधते आहे. पांढरी असेल तर अजून कामाला लागलेली नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे काम संपलेलं. पाणी साचलेल्या सरीत गाठी कमी दिसतात, कारण मुळाला हवा मिळत नाही. युरिया जास्त पडला तरीही कमी. आयतं नत्र मिळाल्यावर झाड जिवाणू पोसत नाही.

हे जिवाणू पेरणीआधी बियाण्याला चोळतात; या बीजप्रक्रियेत क्रम चुकतो. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर जिवाणू संवर्धन (पाकिटात मिळणारे जिवंत जिवाणू), साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. दुकानाबाहेर उन्हात तापलेलं पाकीट घेऊ नये, त्यातले जिवाणू मेलेले असतात.

‘सोयाबीन घेतलं की जमीन सुधारते’ हे सरसकट म्हणणं मला पटत नाही. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं, म्हणजे साधारण ६ टक्के नत्र. दहा क्विंटल दाणे बाजारात गेले की ६० किलोच्या आसपास नत्र शेताबाहेर गेलं. त्यात भुसकटही जाळलं तर जमिनीला उरतं काय? गळालेली पानं आणि मुळं.

पुढचा टप्पा अमोनियमचा, म्हणजे कुजणाऱ्या पानामुळांतून किंवा युरियातून मातीत येणाऱ्या नत्राच्या रूपाचा. नायट्रोसोमोनास जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनियमवर धन भार असतो म्हणून ते चिकणमातीला चिकटून राहतं; नायट्रेट ऋण भाराचं, पाण्याबरोबर खाली विहिरीकडे जातं. जमीन तुडुंब भरली की हवेविना जगणारे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जातं.

युरियाची गोणी ४५ किलोची, नत्र ४६ टक्के, म्हणजे जेमतेम २०.७ किलो. आपल्या निफाडच्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास, म्हणजे विम्लतेकडे झुकलेला. तिथे भर उन्हात वरवर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. मातीआड करावा किंवा लगेच हलकं पाणी द्यावं. मोकाट पाणी दिलं तर उडणं थांबतं आणि झिरपणं वाढतं. युरियावरचं कडुनिंबाचं आवरण नायट्रेट होण्याचा वेग कमी करतं एवढंच, ते पाण्याची चूक झाकत नाही.

पिवळं पीक दिसलं की युरिया, ही सवयही महागात पडते. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता आहे.

कांद्याला नत्र हप्त्यांनी द्यावं आणि लागवडीनंतर ६० दिवसांनी थांबवावं. उशिरा दिलं की पात हिरवी राहते, मान जाड होते, नीट सुकत नाही आणि कांदा साठवायच्या चाळीत सड तिथूनच सुरू होते.