सतरा सप्टेंबरची सुट्टी

बाकीच्या महाराष्ट्रातल्या लेकरांना वर्षाला तीन झेंडे, आम्हाला चार. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि एक मे सगळ्यांचे. सतरा सप्टेंबर मात्र मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा, म्हणजे आमचा. पुण्यात नोकरीला लागल्यावर या तारखेला ऑफिस चालू बघून पहिल्यांदा चुकल्यासारखं झालं होतं. कुणाला सांगायला गेलं तर समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे ते निजामाचं ना?" आणि चहा मागवतो.

आमच्या अंबाजोगाईत ही तारीख भाद्रपदातली, त्यामुळं गणपती आणि महालक्ष्म्यांच्या मागंपुढं यायची. २०२४ साली तर नेमकी अनंत चतुर्दशीला आली. घरात कुणाला झेंडावंदनाचं सुचत नसे, पण शाळेत जावंच लागे. इस्त्रीचा सदरा, प्रभातफेरी, मग भाषणं. प्रत्येक भाषणाचं पहिलं वाक्य ठरलेलं: १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, परंतु मराठवाडा पारतंत्र्याच्या अंधारातच होता. पुढं हैदराबादच्या निजामाच्या राजवटीचे आणखी तेरा महिने, त्याच्या बाजूनं लढणारे सशस्त्र रझाकार, त्यांचा म्होरक्या कासीम रझवी, सरदार पटेल, १३ सप्टेंबरला नळदुर्गच्या बाजूनं शिरलेलं सैन्य, १७ तारखेला निजामाची रेडिओवरून शरणागती. टाळ्या. गोळ्या-बिस्किटं.

आमच्या गावाला या भाषणात जास्तीचा एक परिच्छेद मिळायचा, कारण स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. गावाचं नाव तेव्हा मोमिनाबाद. इथूनच ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कामात गेले आणि १५ ऑगस्ट १९४७ ला, देशभर पेढे वाटले जात असताना, त्यांना हैदराबादेत अटक झाली. आता त्यांच्या नावाचं मोठं सरकारी दवाखाना-कॉलेज गावात आहे. सगळा तालुका त्याला नुसतं 'स्वाराती' म्हणतो. स्वारातीत ॲडमिट केलंय, स्वारातीतून सुट्टी झाली. एवढ्या वेळा नाव घेतलं जाणारा दुसरा पुढारी आमच्याकडं नसेल.

भाषण १७ सप्टेंबरला संध्याकाळी संपायचं, सिनेमा संपावा तसं. पुढचं कुणी सांगितलं नाही. ज्याच्या तावडीतून सुटलो तो निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा, होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. राज्याचे सोळा जिल्हे, त्यांतले मराठी पाच. १९५६ ला राज्य फुटलं आणि तीन भाषांची माणसं तीन राज्यांत गेली. तारीख तिघांकडं तीच राहिली, पण तिला काय म्हणायचं यावर तेलंगणात अजून दरवर्षी भांडण होतं. आमच्याकडं 'मुक्तिसंग्राम' हे नाव पक्कं, त्यावर वाद नाही.

आजीच्या तोंडी यातलं काहीच नसे. तिचा काळ 'रझाकारीच्या साली' इथून मोजायचा. त्या साली ती बारा-तेरा वर्षांची. रझाकार आल्याची आवई उठली की पोरींना बळदात उतरवायचे. वाड्याच्या भिंतीत धान्य भरायला ठेवलेली ती कोठी. वरच्या तोंडातून आत सोडायचं आणि वरून फळी टाकायची. आम्ही डोळे मोठे करून विचारायचो, "आजी, भ्या वाटलं का गं?" ती म्हणायची, "भ्या कशाचं? ज्वारीची कूस अंगाला लागायची, रातभर खाजवून जीव जायचा. अन् खोकायचं नाही." मुक्तिसंग्रामातली तिची मुख्य तक्रार ही.

मग घर कुलूप लावून सगळे बार्शीला गेले, निजामाच्या हद्दीपलीकडं. कळंब, येरमाळा करत, बैलगाडीनं. तिकडं आपला निजामी हाली रुपया चालेना, हिंदुस्थानी कलदार लागे. सहा कलदाराला सात हाली, हा हिशोब तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होता. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे ते सैन्य शिरल्यावर, परत आले तेव्हाचंही ती सांगायची, पण एकाच वाक्यात: "मंग त्यांची पळायची पाळी आली." त्यांची म्हणजे मोहल्ल्यातल्या मुसलमानांची, ज्यांतल्या कितीकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं हैदराबाद राज्यभरात मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवलेला. नववीच्या पोराला हे सांगितलं तर त्याचा झेंड्यावरचा जीव कमी होईल असं मला वाटत नाही. आजीचं ते एक वाक्य तरी भाषणात यायला हरकत नाही.

इतकी वर्षं निजामाचं नाव नको असलेल्या आमच्या जिल्ह्यांत २०२३ पासून मात्र त्याचे कागद सोन्याच्या भावात गेले. मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारची शिंदे समिती आली, आणि सगळ्यांनी माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या. मोडी वाचणारा, उर्दू वाचणारा माणूस गावात देवासारखा झाला. २ सप्टेंबर २०२५ ला निजामाच्या काळातल्या नोंदी धरणारा हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला आणि पंधरा दिवसांनी तहसीलसमोर सतरा सप्टेंबरचा झेंडा. निजामापासून सुटल्याचं वंदन करून माणसं निजामाच्या नोंदीसाठी रांगेला.

आमच्या काकांनाही ट्रंकेत एक उर्दू कागद सापडला. तांबूस, घडीवर फाटलेला, कोपऱ्यात शिक्का. काका तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उर्दू शाळेतल्या रिटायर मास्तरांकडं घेऊन गेले. मी बरोबर होतो. मास्तरांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडं धरला, दोनदा वाचला.

"काका, जात नाही यात. करोडगिरी नाक्याची पावती है. दोन बैल हद्दीपार नेल्याची. फसली १३५७."

फसली म्हणजे निजामाच्या राज्यातलं साल; त्यात ५९० मिळवले की आपलं साल येतं. म्हणजे तीच बार्शीची वाट. रझाकारांच्या भीतीनं घरदार सोडून निघालेल्या आमच्या पणजोबांनी नाक्यावर गाडी थांबवून बैलांची जकात भरली होती आणि वर पावती मागून घेतली होती.

काका जरा हिरमुसले. परत येताना मात्र झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबले आणि पावती लॅमिनेट करून घेतली. "राहू दे," म्हणाले, "बैलाची तरी नोंद हाय."